गाडीमागे ताई

माझ्या ताईच्या नवऱ्याने आयुष्यात गाडीचं तोंड पाहिलेलं नाही, असं आमच्या गल्लीत म्हणतात. फारसं खोटं नाही ते. भावोजी फक्त मागचे दिवे दुरुस्त करतात. कुणी हेडलाइट घेऊन आलं तर "ते माझं काम नाही, पलीकडे जा" म्हणून वाटेला लावतात. इंजिनातून आवाज येतोय, गाडी ओढत नाही, असलं काही कुणी सांगायला लागलं की भिंतीकडे बघत बसतात. म्हणून त्यांचं नावच पडलं 'मागचे'. "मागचे आहेत का?" असं विचारत लोक आधी माझ्या दुकानात शिरतात, कारण रस्त्यावरून आलं की माझं दुकान आधी लागतं. मी गाड्यांच्या सीटा शिवते. आमच्या दोन दुकानांच्या मधे पत्र्याची भिंत आहे आणि तिच्यातून सगळं ऐकू येतं, भावोजींनी शिंक दाबली तरी.

मी बोलते फार. भावोजी मला 'सुई' म्हणतात. धंद्यावरून म्हणतात, असं मी लोकांना सांगते.

मागचा दिवा म्हणजे काय मोठं, बल्ब गेला की बदलायचा, असं सगळ्यांना वाटतं. नव्या गाडीचं तसंच आहे, अख्खा दिवा काढतात आणि दुसरा ठोकतात. पण भावोजींकडे येतात त्या म्हाताऱ्या गाड्या, ज्यांचे दिवे आता कुठे मिळतच नाहीत. मग तो आहे तोच दिवा न तोडता काढायचा, लाल काच डब्यापासून सोडवायची, आतला गंज घासायचा, तडे भरायचे आणि पाण्याचा थेंब शिरणार नाही असं परत चिकटवायचं. ती काच म्हणजे प्लॅस्टिकच असतं, पण सगळे काचच म्हणतात. या कामाला माणूस चिवट लागतो. भावोजी इतके चिवट आहेत की त्यांच्याशी भांडतानासुद्धा आपणच आधी दमतो.

सगळं बसवून झालं की तपासणी, आणि तिथे घोडं अडतं. ब्रेक पुढे, दिवा मागे. जो दाबतो त्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याचा पाय पोचत नाही. इतर दुकानांत ब्रेकच्या पट्टीवर वीट ठेवतात आणि मागे जाऊन बघून येतात. भावोजींकडे वीट कधीच नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून गाडीमागे ताई उभी राहायची आणि आत बसलेल्या भावोजींना मोठ्याने सांगायची.

तिने स्वतःचेच शब्द केले होते. दिवा लागला की 'उठला'. विझला की 'झोपला'. मंद असला की 'पेंगतोय'. आणि इंडिकेटर अर्थातच 'डोळा मारतोय'. सुरुवातीला गिऱ्हाईकं तोंडावर हात धरून हसायची, मग तीही तसंच बोलायला लागली. "अहो मागचे, माझा उजवा पेंगतोय बघा जरा," असं चांगली शिकलेली माणसं येऊन सांगायची.

आणि पेंगणं ओळखणं हेच खरं काम. दिव्याच्या वायरीचं एक टोक गाडीच्या पत्र्याला घट्ट लागलेलं असावं लागतं. तिथे गंज आला की दिव्यांचं डोकं फिरतं. ब्रेक दाबावा तर इंडिकेटरच उजळतो, इंडिकेटर द्यावा तर दोन्हीकडचं सगळं लुकलुकतं. दुसरा कुणी मागे असला तर म्हणेल, लागलाय हो, ठीक आहे. ताई म्हणायची, "उठलाय, पण मनापासून नाही." भावोजी लगेच उतरायचे आणि पाना घेऊन पुन्हा डिकीत डोकं घालायचे. तिच्यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. स्वतः मागे येऊन एकदाही पाहिलं नाही.

गाडी बाहेर काढायची ती पण तिच्याच आवाजावर. आमची दुकानं खोल आणि अरुंद, गाडी तोंडाने आत जाते आणि मागे घेत बाहेर गल्लीत निघते. ताई गल्लीत उभी राहायची आणि "येऊ द्या, येऊ द्या, बस" म्हणायची. भावोजी आरशात बघायचे नाहीत. मी कितीदा बोलले असेन की आरसा काय शोभेला आहे का. "आरशाला बोलता येतं का?" म्हणायचे.

अशी वर्षं गेली. मग ताईला विसर पडायला लागला.

आधी चहात साखर दोनदा. मग चपला फ्रिजमधे. मग एकदा माझ्या दुकानात येऊन मला म्हणाली, "आई, भूक लागली." मी हसण्यावारी नेलं, पण हातातली सुई तशीच राहिली. आमची आई जाऊन किती काळ झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं की हे असंच वाढत जाणार, औषधाने फार तर जरा हळू. भावोजींनी ते ऐकून घेतलं, डॉक्टरांना नीट नमस्कार केला आणि दुकानात येऊन काम सुरू केलं. ते डॉक्टरांना विसरलेच, असं मला वाटायचं.

घरात ती हरवत चालली होती, पण गाडीमागे उभी केली की जागी व्हायची. पाठ ताठ, हात कमरेवर. "डावा उठला. उजवा उठला. झोपले." ते बघून भावोजींचा चेहरा असा व्हायचा की मला त्यांच्याशी भांडायला सुचायचं नाही. "बघ," मला म्हणायचे, "कुठे काय झालंय तिला? घरात काम नाही म्हणून डोकं भरकटतं."

मग ती बसची गोष्ट झाली. ताई सकाळी दार उघडून गेली आणि दुपारपर्यंत सापडली नाही. गल्ली पालथी घातली. शेवटी बसस्थानकावरून एका वाहकाने फोन केला, तिच्या स्वेटरच्या खिशात दुकानाचा नंबर मी शिवून ठेवला होता म्हणून. तिकडे एका उभ्या बसच्या मागे ताई उभी होती आणि दिवे सांगत होती. चालकाला काही माहीत नाही, त्याने बस मागे घेतली. ताई म्हणत राहिली, "येऊ द्या." एका बाईने तिचा दंड धरून ओढलं म्हणून वाचली. एवढं होऊनही ताईला राग कशाचा, तर आपण 'बस' म्हटल्यावर चालकाने ऐकलं नाही याचा. पण ती 'बस' म्हणालीच नव्हती, असं ती बाई शपथेवर सांगत होती.

दुसऱ्याच दिवशी माझी भाची आली. ताईची एकुलती एक. दुसऱ्या गावी शाळेत शिकवते, दोन लहान मुलं, नवरा फिरतीवर. पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिने अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था बघून ठेवली होती, तिच्या घरापासून जवळ. स्वच्छ आहे, म्हणाली. बाग आहे. दार कुलूपबंद असतं.

"कुलूप कशाला?" भावोजींनी विचारलं.

"बाबा, कशाला म्हणजे? कालचं विसरलात?"

"ती कामाला गेली होती. चुकीच्या ठिकाणी गेली, एवढंच."

भाचीने माझ्याकडे बघितलं. मावशी, तू तरी बोल, असं तिचे डोळे म्हणत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझी वाचा बसली होती. मला ताई इथेच हवी होती. आणि पोरगी खरं बोलत होती.

"एक दिवस कुणाची तरी गाडी तिच्या अंगावर जाईल," भाची म्हणाली. "मला शाळेत फोन येईल. मी तेवढ्याच फोनची वाट बघत असते. वर्गात शिकवते आणि कान फोनकडे."

भावोजी बराच वेळ हातातला बल्बचा होल्डर घासत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. माझ्याकडे एक काम आलंय, अवघड आहे. ते तुझ्यासमोर तपासू. आई मागे उभी राहील. तिने नीट सांगितलं तर ती इथे राहील. चुकली तर ने."

"बाबा, हे काय परीक्षा घेतल्यासारखं?"

"तू बाई आहेस ना शाळेतली. तुला कळेल."

भाची हो म्हणाली. भावोजींना नाही म्हणणं तिला कधीच जमलेलं नाही. आणि मला वाटतं, तिलाही आई पास व्हायला हवी होती.

ते अवघड काम म्हणजे एक जुनी स्पोर्ट्स कार. दोनच दारं, बुटकी, इतकी की आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालण्याची तयारी हवी. मालक म्हणजे निवृत्त माणूस, सदा इस्त्री केलेला शर्ट, आणि दर वाक्याला "जपून हं". मी त्याचं नाव 'जपून' ठेवलं. गाडीशी इतकं हळू बोलायचा की घरी कुणाशी बोलत असेल असं वाटत नव्हतं. मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन गोल दिवे, एका काचेखाली. आत पाणी शिरून शेवाळ धरलेलं, डाव्या काचेला तडा, आणि ब्रेक दाबला की भलताच दिवा उजळायचा. जपूनला एकाच गोष्टीचा अभिमान होता, इंडिकेटरच्या टिकटिकीचा. डॅशबोर्डखालून ती टिकटिक इतकी खणखणीत यायची की पत्र्यापलीकडे माझ्या शिवणयंत्राच्या आवाजातही ऐकू यायची. "नव्या गाड्यांत हे नाही," म्हणायचा. मी म्हटलं, नाही ते बरंच आहे.

भावोजींनी सगळं त्यांच्या पद्धतीने केलं. आधी डिकी उघडून बॅटरीचं टर्मिनल सोडलं, म्हणजे गाडीची वीजच बंद. या गाडीची बॅटरी डिकीतच होती, डाव्या दिव्याच्या पाठीशी. वायरींना हात लावायच्या आधी टर्मिनल सोडायचं आणि सगळं झाल्यावर शेवटी जोडायचं, हा त्यांचा नेम. मग डिकीचं अस्तर सोलून आतले नट काढले. एक नट गंजून बसला होता, त्याच्यावर तेल सोडून चहा प्यायले, पुन्हा तेल सोडलं, पुन्हा चहा. नट निघाले तरी दिवा हलेना, जुन्या चिकटपट्टीने जागा धरून ठेवलेली. मग माझा हेअर ड्रायर नेला. तो मी सीटांचं रेक्झिन ताणायला वापरते आणि भावोजी परत देताना नेहमी त्यावर बोटांचे काळे ठसे ठेवतात. कडा गरम करत, मधे दोरा घालून करवतीसारखा मागेपुढे ओढत त्यांनी दिवा सोडवला. काच डब्यापासून वेगळी केली. तडा भरला, पाणी लावून पॉलिश पेपरने घासला, बोट फिरवून बघितलं, परत घासला. आतला चकाकणारा लेप उडाला होता तिथे चंदेरी रंग मारला. वायरींची टोकं नवी केली, पत्र्यावरची गंजलेली जागा खरवडून लख्ख केली.

आणि रोज दुपारी ताईची तालीम. दिवे टेबलावर, दुसरी एक बॅटरी जोडलेली, भावोजी पाठमोरे बसून वायरी टेकवायचे आणि ताई सांगायची. पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा, रिव्हर्स. त्यांचा क्रम लग्नापासून हाच. ताई एकदाही चुकली नाही. मी पत्र्यापलीकडून ऐकायची आणि मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं.

एकदा चहा द्यायला गेले आणि गंमत म्हणून मीच वायर हातात घेतली. आधी डावा इंडिकेटर लावला. ताई म्हणाली, "दोन्ही उठले." पार्किंगला म्हणायची तसं. मग मी काहीच लावलं नाही. ती म्हणाली, "ब्रेक. दोन्ही मनापासून." तिचे डोळे दिव्यांवरच होते. चेहरा अगदी जबाबदारीचा.

मी भावोजींना बाहेर नेऊन सांगितलं. "तिला दिसत नाहीये. म्हणजे दिसतंय, पण ती पाठ म्हणतेय."

"तू क्रम बदललास," भावोजी म्हणाले.

"अहो, मी काहीच लावलं नव्हतं तरी म्हणाली."

"मग क्रम बदलायचाच कशाला?"

"भावोजी, ब्रेकवर वीट ठेवा. स्वतः मागे जा. बघा एकदा डोळ्यांनी."

ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी घाण बोलले. "सुई," म्हणाले, "रविवारी तोंड बंद ठेवशील?" मी ठेवीन म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

शनिवारी त्यांनी दोन्ही दिवे गाडीत बसवले. गाडीवरची तपासणी रविवारसाठी राखून ठेवली. सकाळी आधी टर्मिनल जोडायचं आणि मग ताईला उभं करायचं, असं ठरलेलं.

रविवारी सकाळी मी गेले तर भावोजी दुकानाच्या उंबऱ्यावर ताईला पुढ्यात बसवून तिची वेणी घालत होते. ताई केसांना हात लावू देत नव्हती. रात्रभर झोपली नव्हती म्हणे, सारखी कुठे जायचंय विचारत होती. भावोजींचे हात नट सोडणारे, त्यांना केसांचे तीन भाग काही धड करता येईनात. मी म्हटलं, "द्या इकडे." म्हणाले, "मला घालू दे. ती आज माझ्याकडून घालून घेतेय." वेणी वाकडी झाली. सोडली, पुन्हा घातली. मग चांगला स्वेटर हवा, तो सापडेना. मग सापडला तर ताई उलटा घालून बसली. एवढ्यात भाचीची गाडी गल्लीत वळली, आणि तिच्या मागोमाग जपूनही हजर, गाडी न्यायला. भावोजींनी हात पुसले, ताईला दंडाला धरून गाडीमागे नेलं, तिचे खांदे सरळ केले आणि म्हणाले, "आज पाहुणे आहेत हं. मोठ्याने सांग."

"मला सांगायला नको," ताई म्हणाली. अगदी पूर्वीसारखी.

भाची माझ्याशेजारी उभी राहिली. जपून पलीकडे. भावोजी गाडीत शिरले, दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "पार्किंग."

दिवे काळे होते. दोन्हीकडचे सगळे. काच इतकी स्वच्छ झाली होती की आतले बल्ब दिसत होते, आणि त्यातला एकही लागलेला नव्हता.

"दोन्ही उठले," ताई म्हणाली.

"ब्रेक."

"ब्रेक. दोन्ही मनापासून."

माझ्या लक्षात आलं. टर्मिनल. वेणीच्या नादात ते जोडायचंच राहिलं होतं. भावोजींच्या हातून हे आयुष्यात झालं नव्हतं. जपूनने तोंड उघडलं, "अहो, पण दिवे तर..." आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं पुढचं वाक्य राहूनच गेलं. तो तसा वाईट माणूस नव्हता. ताईकडे बघितलं, भाचीकडे बघितलं आणि त्याला कळलं. त्याने मान खाली घातली.

भाची हलली नाही. आई बोलत होती आणि ही त्या काळ्या दिव्यांकडे बघत होती. तिने माझा हात धरला, तोही इतका घट्ट की बांगडी रुतली.

आत भावोजी खूश होते. आवाजावरून कळत होतं. त्यांना मागचं काही दिसत नव्हतं आणि बायको बरोबर सांगत होती. त्यांना एवढंच हवं होतं. "शाबास," म्हणाले. "आता डावा." किल्ली फिरवल्याचा आवाज आला. इंडिकेटरचा दांडा खाली पडल्याचा खटका आला.

आणि मग काही आलं नाही. ती टिकटिक, जी माझ्या यंत्रातून ऐकू यायची, ती आलीच नाही.

"डावा डोळा मारतोय," ताई म्हणाली.

मागच्या छोट्या काचेतून भावोजींच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसत होता, केस पांढरे, मधे विरळ. तो हलला नाही. मला वाटलं आता उतरतील, टर्मिनल जोडतील, म्हणतील की माझी चूक झाली, पुन्हा करू. पुन्हा केलं असतं तर सगळे दिवे लागले असते आणि ताईने हेच सांगितलं असतं, शब्दाला शब्द. आणि बरोबर ठरलं असतं. मी मनातून म्हणत होते, उतरा ना भावोजी, उतरा.

ते उतरले नाहीत. "डोळा मारतोय अं?" त्यांनी विचारलं. आवाज हळू झाला होता.

"मारतोय की. छान मारतोय."

"बरं. आता उजवा."

दांडा वर गेला. खटका. पुढे काही नाही.

"उजवा पण मारतोय."

"रिव्हर्स."

"पांढरे उठले. दोन्ही." मग ताईने हात वर केला आणि दोन पावलं मागे सरकून गाडीच्या बरोबर मधोमध उभी राहिली. "या आता. येऊ द्या. येऊ द्या."

भावोजींनी किल्ली काढून घेतली. तो आवाज मी ऐकला.

ते बराच वेळ आतच बसले. बुटक्या गाडीतून बाहेर यायला त्यांना दाराला धरावं लागलं. ताई अजून "येऊ द्या" म्हणत होती. ते तिच्याजवळ गेले, तिचा वर केलेला हात धरून खाली आणला आणि म्हणाले, "बस."

भाचीने डोळे पुसले होते तेवढ्यात. म्हणाली, "बाबा, आईने सगळं बरोबर सांगितलं. राहू दे तिला इथे. मी येत जाईन दर आठवड्याला. मावशी आहे शेजारी. करू आपण काहीतरी."

पोरगी बापासाठी खोटं बोलली, आणि तेही सरळ त्याच्या डोळ्यांत बघून. मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. मी पण लगेच म्हणाले, "हो हो, एकही चूक नाही." जपूननेसुद्धा मान हलवली, बिचाऱ्याने.

भावोजींनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. म्हणाले, "टिकटिक आली नाही."

जपून गाडीच्या काचेवरची नसलेली धूळ पुसायला लागला.

"ने तिला," ते भाचीला म्हणाले.

"बाबा, टर्मिनल राहिलं असेल, एवढंच. परत करू या ना."

"परत केलं तरी ती हेच म्हणेल. मला ते माहीत होतं. सुईने सांगितलं होतं मला." मग ताईच्या स्वेटरचं एक बटण सुटलं होतं ते लावता लावता म्हणाले, "मी आरशात बघत नाही. मला सवयच नाही. ही मागे उभी राहून येऊ द्या म्हणाली, तर मी येतो. हिच्या अंगावरसुद्धा येईन. मला कळणार नाही."

ताई त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. "झालं का काम?" तिने विचारलं. ते हो म्हणाले.

मग भावोजींनी डिकी उघडून टर्मिनल जोडलं. मला म्हणाले, "वीट आण." गल्लीच्या तोंडाशी बांधकाम चालू होतं, तिथून मी एक आणली. त्यांनी ती ब्रेकच्या पट्टीवर ठेवली आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या कामाकडे मागून बघायला आले. दिवे लागले होते. ब्रेकचे दोन्ही गोल, एकसारखे, तडा कुठे होता ते सांगूनही कळलं नसतं. जपून म्हणाला, इतके चांगले तर गाडी नवी असताना पण नव्हते. भावोजींनी बघितलं, मान हलवली आणि वीट काढायला परत पुढे गेले.

ताईला न्यायचं ते पुढच्या बुधवारी ठरलं. बॅग मी भरली. काय भरायचं? स्वेटर, चपला, कंगवा. आत नाव शिवायचं होतं प्रत्येक कपड्यावर, संस्थेचा तसा नियम होता. मी शिवलं. मी आयुष्यभर लोकांच्या सीटा शिवल्या, टाके कधी वाकडे आले नाहीत, त्या दिवशी सगळे वाकडे आले.

भाचीच्या गाडीत ताई पुढे बसली, आनंदात. फिरायला जायचंय म्हणून तिला सांगितलं होतं. भावोजींनी तिचा पट्टा लावला, ओढून बघितला, काच वर केली. ती काचेआडून त्यांना काहीतरी म्हणाली. आम्हाला ऐकू आलं नाही. भावोजी काच खाली करा म्हणाले नाहीत.

गाडी निघाली. मी रडत होते, लाज कसली त्यात. भावोजी गल्लीच्या मधोमध उभे राहिले, हात कमरेवर, पाठ ताठ. ताई उभी राहायची तसे. कोपऱ्यावर भाचीने ब्रेक दाबला.

"डावा उठला," भावोजी म्हणाले. जरा थांबून, डोळे बारीक करून म्हणाले, "उजवा पेंगतोय."

डावा इंडिकेटर लुकलुकला. ते तेही म्हणाले. मग गाडी वळून गेली आणि तरी ते तिकडेच बघत राहिले.

"उजव्याचं सांगायला हवं पोरीला," म्हणाले. "मागून कुणी आदळेल."

मी लगेच फोन लावला. भाचीने उचलला नाही, गाडी चालवत होती. पुन्हा लावला. ते तसेच उभे होते, मी काय सांगते त्याची वाट बघत.